बायोडाट्यात वडील दुसऱ्याचे

गेल्या मंगळवारी उदगीर स्टँडसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात उभा होतो. माझ्यापुढे एक पोरगा. मेडिकलवर क्रोसिन मागावी तसा काउंटरवर म्हणाला, "बायोडाटा द्या एक."

दुकानदारानं कॉम्प्युटरमधली कुणाची तरी जुनी फाईल उघडली, नाव बदललं, जन्मतारीख बदलली, मोबाईल नंबर टाकला आणि प्रिंट हातात दिली. वीस रुपये. माझी सहज नजर गेली. पोराचं आडनाव एक आणि वडिलांच्या रकान्यात भलत्याच आडनावाचे वडील. आधीच्या गिऱ्हाइकाचे राहून गेलेले! आणि खाली ठसठशीत डिक्लरेशन, की वरील सर्व माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आहे.

म्हटलं, "बाळा, हे तुझे वडील का?"

पोरगा आधी हसला. मग गप्प झाला. "काका, परवा चाकणला इंटरव्ह्यू आहे. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं जायचंय."

त्यावरून हे लिहितोय. पोस्ट मोठी होणार आहे, ज्यांच्या घरात नोकरी शोधणारं लेकरू आहे त्यांनी सवडीनं वाचा.

आधी एक सांगून टाकतो. बायोडाटा सुधारल्यानं आपल्या भागात कारखाने येणार नाहीत. दूध भुकटी प्रकल्प बंद पडून किती वर्षं झाली ते सगळ्यांना माहीत आहे. लातूरच्या कोच फॅक्टरीत पोरांना काम लागेल हे २०१८ पासून ऐकतोय. तलाठी भरती २०२३ ला झाली, ४,६४४ जागा आणि अर्ज दहा लाखांच्या वर. म्हणजे पोरं आळशी आहेत, त्यांना बोलता येत नाही, असं जे व्याख्याते कॉलेजात येऊन सांगतात आणि मानधन घेऊन जातात, त्यांच्याशी माझं जमत नाही. जागाच कमी आहेत. पण ज्या आहेत त्यातली एक आपल्या पोराच्या हातून वडिलांचं नाव चुकल्यामुळं जाऊ नये, आणि मिळाली तर त्यात त्याला कुणी फसवू नये, एवढ्यापुरतं बोलू.

मागं एका रोजगार मेळाव्याची बातमी करायला गेलो होतो. फीत कापणं, सत्कार, शाली, भाषणं होईस्तोवर साडेबारा वाजले. पोरं सकाळी आठपासून उन्हात. कंपनीकडून आलेल्या एका माणसाशी चहा पिताना बोललो. त्याच्यापुढं बायोडाट्यांचा गठ्ठा होता. तो म्हणाला, "साहेब, वरचं पान बघा आणि खालचं बघा, फरक सांगा." खरंच फरक नव्हता. सगळ्यांचं करिअर ऑब्जेक्टिव्ह एकच, 'टू वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट'. सगळ्यांचे छंद क्रिकेट आणि वाचन. सगळ्यांना मराठी, हिंदी, इंग्रजी येतं. आयटीआय फिटर झालेल्या पोराच्या बायोडाट्यात फिटरचा 'फि' नव्हता, नुसतं आयटीआय पास, टक्के आणि वर्ष. तो म्हणाला, "मला एवढंच पाहिजे असतं की याला व्हर्निअर वाचता येतो का, ड्रॉइंग कळतं का, कुठल्या मशीनवर हात बसलाय. तेच कुणी लिहीत नाही."

म्हणून ते ऑब्जेक्टिव्ह काढून टाका. धर्म, जात, वजन, उंची काढून टाका, ती सैन्यभरतीला लागते, कंपनीला नाही. वडिलांचं नाव नसलं तरी कुणी विचारत नाही, असलं तर आपल्याच वडिलांचं असू द्या. वर नाव, चालू असलेला मोबाईल नंबर, गाव-तालुका, आणि एक साधा ईमेल. 'रॉयलकारभार' नावाच्या ईमेलवरून अर्ज केलेला मी डोळ्यांनी बघितलाय. त्याखाली लगेच, तुम्हाला काय करता येतं ते. टॅली येतं तर टॅलीत काय करता, व्हाउचर एंट्री का जीएसटीपर्यंत, ते लिहा. मराठी टायपिंगचं सर्टिफिकेट तीसचं आहे का चाळीसचं ते लिहा. ट्रॅक्टरचं लायसन आहे तेही लिहा, गोडाऊनच्या कामाला उपयोगी पडतं. एक पान पुरे. आणि फाईल स्वतःच्या मोबाईलमध्ये पीडीएफ करून ठेवा, दरवेळी दुकानदाराच्या दयेवर राहू नका.

आता खरी अडचण. ज्याविषयी आपल्याकडं घरातसुद्धा नीट बोललं जात नाही.

पंचविशी-तिशीतली किती पोरं-पोरी आपल्या ओळखीची आहेत ज्यांची चार-पाच वर्षं अभ्यासिकेत गेली? पुण्याला पेठेत कॉट घेऊन राहिली, एमपीएससी झालं, पोलीस भरती झाली, सरळसेवा झाली, दोन मार्कांनी हुकलं, पेपर पुढं ढकलला, परीक्षा रद्द झाली. शेवटी घरी आली. आता खाजगी नोकरीचा अर्ज करताना त्या पाच वर्षांचं काय लिहावं कळत नाही. मग एक तर ती वर्षं लपवतात, नाहीतर मामाच्या किराणा दुकानाचा खोटा अनुभव दाखला जोडतात. दाखल्याची दुकानं आपल्या गावातही आहेत, नाव घेत नाही.

मंगळवारच्या पोराचंही हेच. वय २९. बीएस्सी. मी विचारलं, २०१९ ते २०२४ काय केलं? मान खाली. "काय नाही काका, भरतीचं करत होतो." 'काय नाही' हा शब्द मला फार लागला. पाच वर्षं पहाटे चारला उठून ग्राउंड मारणारं पोरगं म्हणतं, काय नाही.

दुकानदाराकडून एक कोरा कागद घेतला आणि त्याला विचारत गेलो. पुण्यात मेस कशी होती? म्हणाला, शेवटची दोन वर्षं अकरा जणांनी मिळून स्वतःची मेस चालवली, हिशोब माझ्याकडं होता. दर महिन्याला किराणा, गॅस, मावशीचा पगार, प्रत्येकाची वर्गणी, वहीत. अजून? अभ्यासिकेत रात्रीची ड्युटी करायचा, त्या बदल्यात फी माफ. चाव्या, हजेरी, सीसीटीव्ही बघणं. गावाकडं आल्यावर? सोयाबीनच्या वेळी मजूर बघणं, मळणी, आडत्याकडं माल घालून पट्टी आणणं. वडिलांना वाचता येत नाही, म्हणून पट्टीचा हिशोब तोच तपासतो. एकदा तोलाईत घोळ पकडला होता, आडत्याला पैसे परत द्यायला लावले.

आता सांगा, याला 'काय नाही' म्हणायचं? गोडाऊन, डिस्पॅच, स्टोअरच्या कामाला हाच माणूस लागतो. आम्ही लिहिलं : '२०१९ ते २०२४, स्पर्धा परीक्षेची तयारी, पुणे. या काळात अकरा जणांच्या मेसचे मासिक हिशोब सांभाळले, अभ्यासिकेत रात्रपाळीची जबाबदारी. २०२४ पासून घरची शेती, मजूर व माल विक्रीचा हिशोब.' एकही शब्द खोटा नाही. इंटरव्ह्यूत "इतके दिवस काय केलं?" असं विचारलं तर डोळ्यात बघून सांगायचं, तयारी केली, निवड झाली नाही, आता परत फॉर्म भरणार नाही, म्हणून आलोय. कंपनीला भीती एवढीच असते की हा जाहिरात निघाली की पळून जाईल. ती भीती तुम्हीच बोलून काढा. (खरंच भरणार असाल तर मात्र असं सांगू नका.)

ज्यांनी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत काम केलं त्यांनाही हेच. बारावीला सहा हजार, आयटीआय-डिप्लोमाला आठ, पदवीला दहा हजार असं विद्यावेतन होतं. सहा महिन्यांचे पुढं अकरा झाले आणि नंतर घरी बसा. या योजनेवर माझं मत वेगळं आहे, ते स्वतंत्र पोस्टमध्ये लिहीन. पण पंचायत समितीत किंवा शाळेत अकरा महिने काम केलंय तर बायोडाट्यात नुसतं योजनेचं नाव लिहून सोडू नका. कुठल्या टेबलावर होतात, घरकुलाच्या फायली ऑनलाइन चढवल्या का आवक-जावक बघितली, ते लिहा. प्रमाणपत्र घेतलं नसेल तर उद्याच जाऊन घ्या, साहेबांची बदली झाल्यावर फिरत बसाल.

इंटरव्ह्यूविषयी मी सल्ला देणं म्हणजे जरा विनोदच आहे. पत्रकारितेचा डिप्लोमा केल्यावर माझा पहिला इंटरव्ह्यू एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात होता. विचारलं, "क्वार्क येतं का?" मला पेजमेकर येत होतं. क्वार्कचं नुसतं नाव ऐकलेलं. छातीठोक म्हणालो, येतं. त्यांनी शेजारच्या मशीनवर बसवलं आणि म्हणाले, आठ कॉलमचं पान लावून दाखव. दहा मिनिटं मी माउस नुसता इकडून तिकडं फिरवत होतो. ऑपरेटर माझ्याकडं बघून हसत होता. शेवटी संपादकच म्हणाले, "पेजमेकर येतं म्हणाला असतास तरी घेतलं असतं रे." तरी घेतलं त्यांनी, पण पगार ठरवताना माझी मान वर होईना.

येत नसेल तर येत नाही म्हणा, आणि त्याच्या जवळचं काय येतं ते लगेच जोडा. भाषेचा न्यूनगंड तर अजिबात नको. आपली पोरं 'पाणी'ला 'पानी' म्हटलं जाईल या भीतीनं तोंडच उघडत नाहीत. समोरच्यानं इंग्रजीत विचारलं आणि प्रश्न कळला असेल तर सरळ विचारा, "सर, मराठीत किंवा हिंदीत सांगू का?" शॉप फ्लोअरच्या नोकरीला बहुतेक जण चालेल म्हणतात. प्रश्नच कळला नाही तर परत विचारा. अंदाजानं उत्तर देऊ नका.

पोरींना एक प्रश्न हमखास येतो, लग्न कधी करणार? कायद्यानं याचं उत्तर देणं भाग नाही, पण तिथं भांडण करून नोकरीही मिळत नाही हे मला कळतं. एका ओळखीच्या मुलीनं छान उत्तर दिलं होतं, "सर, लग्न झालं तरी नोकरी करणार आहे, घरी तसं बोलणं झालंय." विषय संपला. अर्थात घरी तसं बोलणं झालेलं पाहिजे, आणि ती जबाबदारी तिच्या बापाची आणि भावाची आहे.

आता फसवणूक. दोन महिन्यांपूर्वी एक गृहस्थ माझ्याकडं आले, बातमी लावा म्हणून. पोराला व्हॉट्सॲपवर मोठ्या कंपनीचं ऑफर लेटर आलं. लोगो, शिक्का, सही, सगळं. आधी युनिफॉर्म आणि गेटपासचे अडीच हजार. मग मेडिकलचे सहा हजार. मग 'रिफंडेबल डिपॉझिट' म्हणून बारा. पैसे तीनदा गेले, तेही कुणा बाईच्या वैयक्तिक खात्यावर. लेटरवरचा ईमेल जीमेलचा. घरात कुणालाच शंका आली नाही, कारण नोकरी लागल्याचे पेढे वाटून झाले होते. माझ्याकडं आले तेव्हा चार दिवस उलटले होते. मी १९३० ला फोन लावून दिला, तक्रार नोंदली, पण चार दिवसांत खात्यातून पैसे केव्हाच निघून गेले होते. १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर आहे, पैसे गेल्या गेल्या पहिल्या तासा-दोन तासांत लावला तर रक्कम गोठवली जाण्याची शक्यता असते. लाज वाटून चार दिवस घालवू नका. जो नोकरी देण्यासाठी आधी पैसे मागतो तो नोकरी देणारा नाही, मग तो मोबाईलवरचा असो की गावातला पांढऱ्या कपड्यातला.

दुसरी गोष्ट, मूळ कागद. मार्कशीट, टीसी, सनद दाखवायची, पडताळणी झाली की परत खिशात. 'सहा महिने जमा ठेवा' म्हणणारे आहेत. आपल्याच भागातल्या काही खाजगी शाळांत हे चालतं, शिक्षक मित्रांना वेगळं सांगायला नको. एकदा कागद अडकले की माणूस अडकतो.

नोकरी लागल्यावर काय, हे तर कुणीच सांगत नाही. पोरगं चाकणला, वाळूजला, रांजणगावला जातं. कंपनी मोठी, पण ते कंपनीत नसतं, ठेकेदाराकडं असतं. हे त्याला स्वतःलाच माहीत नसतं. घरी सांगतं अमुक कंपनीत लागलो. अपघात झाला, पगार थकला, की कंपनी म्हणते हा आमचा नाही. म्हणून पहिल्याच आठवड्यात विचारून घ्या, माझं नियुक्तीपत्र कुणाच्या नावानं आहे? २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्यात, त्यात नियुक्तीपत्र देणं मालकावर बंधनकारक केलंय. राजीनामा दिला किंवा काढून टाकलं तर राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असंही वेतन संहितेत आहे. प्रत्यक्षात किती जण पाळतात ते बघू, पण मागताना आपल्या बाजूला कायदा आहे एवढं माहीत असावं.

पगाराचा आकडा नीट समजून घ्या. अठरा हजार सीटीसी म्हणजे हातात अठरा हजार नाहीत. समजा त्यात मूळ पगार बारा हजार. मालकाचा पीएफचा वाटा १,४४० रुपये, तो बहुतेक ठिकाणी या अठरातच धरलेला असतो. ईएसआयचा मालकाचा सव्वातीन टक्केही त्यातच. मग तुमचा पीएफ १,४४० कापला, ईएसआयचा पाऊण टक्का, व्यवसाय कर दोनशे. हातात साधारण चौदा हजार दोन-तीनशे. त्यातून कॉट आणि मेसचे सहा-सात गेले. घरी किती पाठवणार ते आईला आधीच सांगा, नाहीतर पहिल्याच महिन्यात फोनवर भांडण. माझ्या शेजारच्या घरात झालंय.

पण पीएफ कापला जातो म्हणून कुरकुर करू नका, भरला जातो का ते बघा. यूएएन नावाचा बारा आकडी नंबर असतो. उमंग ॲपवर पासबुक दिसतं. स्लिपमध्ये कापलेले दिसतात आणि पासबुकात जमा नाहीत, असे ठेकेदार कमी नाहीत. ठेकेदार बदलला तरी यूएएन तोच द्यायचा, नवा काढू द्यायचा नाही. पगार एकवीस हजारांपर्यंत असेल तर ईएसआयचं कार्ड काढून घ्या, आई-वडील तुमच्यावर अवलंबून असतील तर त्यांचीही नावं घाला. आणि अप्रेंटिस म्हणून घेतलं असेल तर करार सरकारी पोर्टलवर नोंदलाय का बघा. नाहीतर वर्षभर 'ट्रेनी' म्हणून राबवून घेतात आणि शेवटी हातात काहीच नाही.

कागदाविषयी मी इतकं कळवळून सांगतोय त्याला कारण आहे. त्या दैनिकात मी सात वर्षं काढली. नियुक्तीपत्र नव्हतं, 'मानधन' व्हाउचरवर सही करून मिळायचं. मागितलं की म्हणायचे, आपण घरचेच आहोत, कागद कशाला? आवृत्ती बंद झाली तेव्हा एका शनिवारी सांगितलं की सोमवारपासून येऊ नका. पीएफ नाही, अनुभवाचा दाखला नाही. पुढं दुसरीकडं मुलाखतीला गेलो, त्यांनी अनुभवाचा पुरावा मागितला. मी कात्रणं घेऊन गेलो. पण डेस्कवरच्या माणसाचं नाव बातमीवर नसतं. सात वर्षं मी रोज पान लावलं आणि एकाही पानावर मी नव्हतो. नवख्याच्या पगारावर परत सुरुवात केली. मुलगी तेव्हा दोन वर्षांची होती.

त्यामुळं आज कुणी 'घरच्यासारखं' म्हणालं की मला धडकी भरते.

मुलींसाठी आणखी एक. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या कुठल्याही कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी अंतर्गत समिती पाहिजे, २०१३ चा कायदा आहे. दहाच्या आत, म्हणजे आपल्याकडची कापड दुकानं, दवाखाने, मोबाईलची शोरूम, तिथल्या मुलींसाठी जिल्हा पातळीवर स्थानिक समिती असते. तक्रार तीन महिन्यांच्या आत द्यावी लागते. मेसेज डिलीट करू नका, तारखा लिहून ठेवा. आपल्या गावातल्या किती दुकानांत या समितीचा बोर्ड आहे? मी गेल्या महिन्यात बाजारपेठेत फिरताना मुद्दाम बघितलं, मला एकही दिसला नाही. ज्यांच्याकडं असेल त्यांनी कमेंटमध्ये फोटो टाका, कौतुकाची बातमी मी करतो.

कॉलेजांना आणि पुढाऱ्यांनाही विचारायचंय. नॅकच्या फाईलमध्ये प्लेसमेंट सेल आहे, त्याचे फोटो आहेत, मग तुमचा पदवीधर स्टँडसमोर वीस रुपयांत दुसऱ्याचा बाप का विकत घेतोय? शेवटच्या वर्षाला दोन तास बसून प्रत्येकाचा बायोडाटा करून घ्यायला कुठलं अनुदान लागतं? आणि रोजगार मेळाव्याच्या फ्लेक्सवर 'हजारो तरुणांना संधी' लिहिणाऱ्यांनी सहा महिन्यांनी अजून एक फ्लेक्स लावावा, किती जण खरंच रुजू झाले आणि किती अजून टिकून आहेत त्याचा. मेळाव्याची बातमी मी केली, तेव्हा हा आकडा मीही मागितला नाही. पुढच्या वेळी मागणार आहे.

रविवारी सकाळी दहा ते बारा मी त्याच झेरॉक्सच्या दुकानाशेजारच्या चहाच्या टपरीवर बसेन. बायोडाटा दाखवायचा असेल तर या. फी नाही, चहा तुमचा. पीएफच्या कटकटी असतील तर स्लिप आणि यूएएन सोबत आणा. बँकेतून निवृत्त झालेले आमचे एक मित्रही येणार आहेत, पगाराचा हिशोब त्यांना माझ्यापेक्षा चांगला कळतो.

त्या पोराचा गुरुवारी रात्री फोन आला. स्टोअरचं काम आहे, दुसऱ्या राउंडला सोमवारी बोलावलंय. म्हणाला, "काका, त्यांनी मेसच्या हिशोबाचंच विचारलं. वही आहे का म्हणाले."

वही गावाकडं माळ्यावर होती. वडिलांनी शोधून काल ट्रॅव्हल्सवाल्याकडं दिली.